परत आलेला प्रस्ताव: फॉरेन्सिक मानसशास्त्राच्या एका डिसर्टेशनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण फॉरेन्सिक मानसशास्त्राच्या (गुन्हे आणि न्यायप्रक्रियेशी संबंधित मानसशास्त्राच्या) दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थिनीच्या डिसर्टेशनचे, म्हणजे संशोधन-प्रबंधाचे आहे. तिची, तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिकेची किंवा संस्थेची ओळख पटेल असे सगळे तपशील काढून टाकले आहेत. पुढे त्यांचा उल्लेख फक्त ‘विद्यार्थिनी’ आणि ‘मॅडम’ असा येतो.

या अभ्यासक्रमाला येणाऱ्या बहुतेकांना गुन्हेगाराच्या मनाचे कुतूहल असते आणि त्यात काहीच गैर नाही. पण त्यामुळे डिसर्टेशनचा पहिला विषय बहुधा ठरलेल्या तीन-चार विषयांतलाच निघतो: सायकोपथी (सहानुभूती आणि अपराधभाव नसलेले, लबाड, बेजबाबदार व्यक्तिमत्त्व), मालिका खुनी, गुन्हेगाराचे प्रोफाइल, नाहीतर खोटे कसे पकडावे. या विद्यार्थिनीने सायकोपथी निवडली. पहिल्या वर्षी तिला संख्याशास्त्रात आणि मूल्यमापनाच्या पेपरात चांगले गुण होते. वाचन भरपूर होते. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला प्रस्ताव द्यायचा आणि चौथ्या सत्राच्या शेवटी प्रबंध, म्हणजे हातात जेमतेम दहा महिने होते.

प्रस्तावाचा विषय होता ‘कैद्यांमधील सायकोपथी आणि पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता’. एका तुरुंगातले ६० पुरुष कैदी घ्यायचे, प्रत्येकाची मुलाखत घेऊन रॉबर्ट हेअर यांची पीसीएल-आर ही सायकोपथी मोजणारी तपासणी-सूची भरायची, सोबत वय, शिक्षण, व्यसन आणि पहिल्या अटकेचे वय नोंदवायचे, आणि या पाच घटकांवरून पुन्हा गुन्हा करण्याचे भाकीत करायचे, असा बेत होता. प्रस्ताव चौदा पानी होता, भाषा नेटकी होती. विभागाच्या प्राथमिक छाननीत तो मान्य झाला, पण नैतिकता समितीकडून तीन हरकतींसह परत आला.

अडचण

समितीच्या हरकती संमती, गोपनीयता आणि पात्रता या तीन मुद्द्यांवर होत्या. मॅडमनी प्रस्ताव पुन्हा वाचला तेव्हा संशोधनाच्या आराखड्यातले दोषही दिसले. ते समितीने विचारले नव्हते, पण प्रबंध त्यांच्यामुळेच बुडाला असता.

आधी पात्रता. पीसीएल-आरमध्ये २० घटक असतात, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे कमाल ४०. उत्तर अमेरिकेत ३० आणि युरोपात अनेक ठिकाणी २५ हा उंबरठा धरतात. कागदावर हे सोपे दिसते आणि तिथेच फसगत होते. ही कैद्याने स्वतः भरायची प्रश्नावली नाही. प्रशिक्षित मूल्यमापकाने दीड-दोन तासांची मुलाखत घ्यायची, त्याशिवाय तासभर तरी फाइल वाचायची आणि मग मुलाखतीतले व फाइलमधले ताडून गुण द्यायचे, अशी तिची रीत आहे. विद्यार्थिनीचे हे प्रशिक्षण झालेले नव्हते. शिवाय गुण बरोबर पडतात की नाही हे पाहायला दुसरा प्रशिक्षित मूल्यमापक लागतो आणि तोही उपलब्ध नव्हता.

वेळेचा हिशेब तिने केलाच नव्हता. ६० जण आणि प्रत्येकी तीन तास म्हणजे १८० तास. तुरुंगात आठवड्याचे दोन दिवस प्रवेश मिळाला आणि दिवसाला दोन मुलाखती झाल्या, असे धरले तरी १५ आठवडे. त्याआधी परवानगीचे महिने. आणि हे सगळे एकाही मुलाखतीचा दिवस रद्द झाला नाही तर.

आराखड्यातला सर्वांत मोठा दोष ‘भाकीत’ या शब्दात होता. पुन्हा गुन्हा होतो की नाही हे पाहायला सुटकेनंतर काही वर्षे माग ठेवावा लागतो. दहा महिन्यांत ते शक्य नसल्याने तिने मागच्या शिक्षांची संख्या हेच परिणाम म्हणून धरले होते. म्हणजे जे घडून गेले आहे त्याचेच भाकीत. त्यातही पीसीएल-आरचे काही घटक मुळात गुन्हेगारी इतिहासावरच बेतलेले आहेत: किशोरवयातील गुन्हेगारी, सशर्त सुटकेचा भंग, गुन्ह्यांचे वैविध्य. मागच्या गुन्ह्यांसाठी गुण द्यायचे आणि मग त्या गुणांचा मागच्या गुन्ह्यांशी संबंध सापडला म्हणायचे, यात संबंध न सापडला तरच नवल. मोजमाप आणि परिणाम एकमेकांत मिसळण्याची ही चूक छापून आलेल्या अभ्यासांतही दिसते, त्यामुळे विद्यार्थ्यांना ती चूक वाटत नाही.

६० हा आकडाही कुठून आला याचे उत्तर नव्हते. समजा त्यातल्या २५ टक्के लोकांच्या बाबतीत परिणाम घडलेला आहे, म्हणजे १५ जण. पाच घटकांचे लॉजिस्टिक प्रतिगमन (‘घडले की नाही’ याचे अनेक घटकांवरून भाकीत करणारी संख्याशास्त्रीय पद्धत) लावले तर प्रत्येक घटकामागे तीनच घटना उरतात. किमान दहा असाव्यात हा जुना ठोकताळा कितीही सैल केला तरी तीनांवर काही उभे राहत नाही.

मॅडमनी तिला आणखी एक गणित कागदावर करायला लावले. पुन्हा हिंसक गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण १० टक्के आहे असे धरा, आणि चाचणी ७५ टक्के वेळा धोकादायकाला धोकादायक व ७५ टक्के वेळा निर्धोकाला निर्धोक ओळखते असेही धरा. १,००० जणांत १०० खरे धोकादायक. त्यातले ७५ पकडले जातील. उरलेल्या ९०० पैकी २२५ जणांवर चुकीचा शिक्का बसेल. म्हणजे चाचणीने धोकादायक ठरवलेल्या ३०० पैकी फक्त ७५ खरे. जोखीम-मूल्यमापन शिकणाऱ्या प्रत्येकाने हे गणित स्वतःच्या हाताने एकदा करायलाच हवे. मूळ प्रमाण कमी असले की बरी चाचणीही चारातल्या तिघांवर अन्याय करते, आणि त्या तिघांची सुटका लांबू शकते.

संमतीपत्रातले एक वाक्य

समितीने संमतीपत्रातल्या एका वाक्याखाली रेघ मारली होती: ‘तुम्ही दिलेली सर्व माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल.’ हे वाक्य इतर मानसशास्त्रीय संशोधनांतून उचललेले होते. तुरुंगात ते वचन पाळता येत नाही. कैद्याने मुलाखतीत न उघडकीस आलेला गुन्हा सांगितला, कोणाला इजा करायचा बेत सांगितला किंवा आत्महत्येचा विचार सांगितला, तर संशोधकाला ते पुढे कळवावे लागू शकते. आणि पीसीएल-आरच्या मुलाखतीत अशा गोष्टी सहज निघू शकतात.

दुरुस्त मसुदा असा झाला: ‘तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याबद्दल, तुरुंगाच्या सुरक्षेबद्दल किंवा अजून कोणाला माहीत नसलेल्या गुन्ह्याबद्दल काही सांगितले, तर ते आम्हाला कळवावे लागू शकते. म्हणून अशा घटनेतील नावे, तारखा आणि ठिकाणे सांगू नका. भाग घेतल्याने किंवा न घेतल्याने तुमच्या शिक्षेवर, सवलतींवर किंवा सुटकेवर काहीही परिणाम होणार नाही. मुलाखतीतले गुण तुमच्या फाइलमध्ये जाणार नाहीत.’

शेवटच्या दोन वाक्यांची हमी विद्यार्थिनी एकटी देऊ शकत नव्हती. तुरुंग प्रशासनाने लेखी मान्य केल्याशिवाय ती वाक्ये लिहिणे म्हणजे सहभागींची फसवणूकच. त्यातून कैदी कोण निवडणार हा प्रश्नही पुढे आला. अधिकाऱ्याने बोलावून आणलेला माणूस ‘नाही’ म्हणायला मोकळा असतो का? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर प्रस्तावात कुठेच नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता तोच प्रस्ताव दुरुस्त करून पुन्हा पाठवणे. विद्यार्थिनीचा ओढा याकडेच होता, कारण सहा आठवड्यांचे वाचन त्यात गेले होते. पण संमतीपत्र सुधारले तरी प्रशिक्षण, परवानगी आणि पाठपुरावा यांतले काहीच सुटत नव्हते.

दुसरा पर्याय तिच्या वर्गमित्रांनी सुचवला. पीसीएल-आरऐवजी स्वतः भरायची सायकोपथीची प्रश्नावली घ्यायची आणि ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वाटायची. दोन आठवड्यांत २०० फॉर्म भरून येतील, हे खरे होते. पण विद्यार्थ्यांत या गुणांचा पल्ला आखूड असतो, टोकाची माणसे जवळजवळ नसतात, आणि निष्कर्ष मात्र ‘गुन्हेगार’ या शब्दाभोवती लिहिले जातात. मॅडमनी हा पर्याय स्पष्टपणे नाकारला. आमच्या मतेही तो नाकारायलाच हवा होता. सोपा नमुना मिळतो म्हणून प्रश्न बदलायचा आणि शीर्षक मात्र जुनेच ठेवायचे, ही या विषयातल्या प्रबंधांची सर्वांत जुनी खोड आहे.

तिसरा पर्याय एखाद्या फॉरेन्सिक मनोरुग्णालयातल्या नावे काढलेल्या जुन्या फाइली अभ्यासण्याचा होता. पद्धत म्हणून तो उत्तम होता. पण फाइलींची परवानगी मिळायला किती वेळ लागेल याची खात्री नव्हती, आणि फाइल लिहिणाऱ्याने जे नोंदवलेच नाही ते ‘नव्हते’ असे धरण्याचा धोका होताच.

चौथा पर्याय मॅडमनी काढला. त्यांनी प्रस्ताव समोर ठेवला आणि विचारले, “यात ‘उत्तरे खरी असतील का’ ही काळजी तू किती ठिकाणी लिहिली आहेस, बघ बरं.”

विद्यार्थिनीने मोजले. मर्यादांच्या दोन पानांत पाच वेळा, पद्धतीच्या भागात तीन वेळा.

“मग मॅडम, माझा खरा प्रश्न तोच आहे का?”

“तुला काय वाटतं ते उद्या एका वाक्यात लिहून आण. सायकोपथी हा शब्द न वापरता.”

दुसऱ्या दिवशी तिने आणलेले वाक्य होते: ‘मुलाखत ज्या पद्धतीने घेतली जाते त्याने उत्तरे बदलतात का?’ आमच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. समितीच्या हरकतींना एकेक करून उत्तरे देत बसली असती तर ती इथे पोहोचली नसती.

प्रश्न कसा घट्ट केला

तिची पहिली धाव ‘खोटे कसे ओळखावे’ याकडे गेली. बाँड आणि डीपॉलो यांचे २००६ सालचे एकत्रित विश्लेषण वाचल्यावर ती थांबली: विशेष साधनांशिवाय माणसे खरे-खोटे ओळखण्यात सरासरी ५४ टक्केच बरोबर असतात, म्हणजे छापा-काट्याहून किंचित बरे. मुलाखतीचा प्रश्न मात्र मुलाखतकाराच्या हातातला असतो. तिथे काही शिकण्यासारखे आणि बदलण्यासारखे होते.

सूचक प्रश्नांचा, म्हणजे एखादा तपशील आडून सुचवणाऱ्या प्रश्नांचा, अभ्यास लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४ सालच्या प्रयोगांपासून सगळ्यांना माहीत असतो. अपघाताची चित्रफीत दाखवून ‘गाड्या एकमेकींवर आदळून चुरा झाल्या तेव्हा’ असे विचारले तर लोक वेग जास्त सांगतात. आठवड्याने विचारल्यावर, चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचा त्या गटातल्या ५० पैकी १६ जणांना ‘दिसल्या’ होत्या. ‘धडकल्या’ हा सौम्य शब्द ऐकलेल्यांत ५० पैकी ७ जणांना. हेच पुन्हा करून दाखवण्यात पदव्युत्तर पातळीवर फारसा अर्थ नव्हता.

वाचताना तिला एक विसंगती सापडली. सामान्य समज असा की साक्षीदाराने आधी स्वतःच्या शब्दांत सगळे सांगितले तर नंतरच्या सूचक प्रश्नांना तो कमी बळी पडतो. साक्षीदाराने लगेच स्वतःच लिहून काढायच्या जबानीवर झालेले काही अभ्यास याला दुजोरा देतात. पण चॅन, थॉमस आणि बुलेविच यांना २००९ साली नेमके उलट आढळले: घटना आधी आठवून सांगितलेले लोक नंतरच्या चुकीच्या माहितीला जास्त बळी पडले. दोन्ही बाजूंनी पुरावा असेल तर प्रश्न खुला आहे, आणि गृहीतक दोन्ही दिशांनी तपासायला हवे.

अंतिम प्रश्न असा ठरला: मुक्त निवेदन (घटना स्वतःच्या शब्दांत सांगणे) आधी घेतल्याने सूचक प्रश्नांतली चुकीची माहिती स्वीकारण्याचे प्रमाण बदलते का?

गुडजॉन्सन यांची सूचनक्षमता-मापनपट्टी वापरायचा विचारही झाला. तिच्यात २० प्रश्न असतात, त्यांपैकी १५ सूचक; एकदा विचारून झाल्यावर ‘तुमच्या बऱ्याच चुका झाल्या’ असे ठामपणे सांगून पुन्हा तेच विचारतात आणि उत्तरे किती बदलतात ते पाहतात. पण ती माणसामाणसांतला फरक मोजते. इथे पद्धतीतला फरक मोजायचा होता, म्हणून ती बाजूला ठेवली.

काय केले

दोन गट, प्रत्येकी ६४ सहभागी. हा आकडा जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमधून काढला: मध्यम परिणाम (कोहेनचा डी ०.५; डी म्हणजे दोन गटांतला फरक किती मोठा हे सांगणारा आकडा), दुतर्फी चाचणी, म्हणजे फरक दोन्ही दिशांनी तपासणारी, आल्फा (फरक नसताना तो आहे असे समजण्याची चालवून घेतलेली शक्यता) ०.०५, पॉवर (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) ०.८०. प्रत्येक सहभागीला ४५ मिनिटे, म्हणजे १२८ जणांना ९६ तास. दिवसाला सहा जण धरले तर २२ दिवस. या वेळी वेळेचा हिशेब प्रस्तावातच होता.

चित्रफीत २ मिनिटे ४० सेकंदांची: वाचनालयात एक जण दुसऱ्याच्या पिशवीतून फोन उचलतो. हिंसा मुद्दाम टाळली. त्यानंतर १५ मिनिटे अंकांचे कोडे. मग एका गटाने पाहिलेले सगळे १० मिनिटे स्वतःच्या शब्दांत सांगायचे, दुसऱ्याने तेवढाच वेळ आणखी कोडी सोडवायची. शेवटी दोन्ही गटांना तेच २० प्रश्न: दहा सरळ, दहा चित्रफितीत नसलेली गोष्ट गृहीत धरणारे. ‘फोन उचलणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ होतं, ते कोणत्या हातात होतं?’ घड्याळ कुठल्याच हातात नव्हते.

सहभागींना सुरुवातीला ‘रोजच्या घटनांची स्मृती’ असाच विषय सांगितला होता. ही सौम्य का होईना, दिशाभूल आहे. म्हणून शेवटी खरा हेतू सांगून पुन्हा एकदा संमती घेतली. सोबत दहाही खोट्या तपशिलांची यादी हातात दिली: ‘या गोष्टी चित्रफितीत नव्हत्या.’ हा कागद विसरला तर माणूस खोटी आठवण घेऊन घरी जातो. समितीने दुसरा प्रस्ताव तीन आठवड्यांत मंजूर केला.

विश्लेषण कसे करायचे याचे दीड पान माहिती गोळा करण्याआधी लिहून, तारीख घालून मॅडमकडे ठेवले. कोणाला वगळायचे, मुख्य तुलना कोणती, दुय्यम कोणती, सगळे त्यात होते.

पायलटमध्ये काय बिघडले

बारा जणांवर पायलट, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी, झाली. ती केली नसती तर बाकीचा सगळा खटाटोप वाया गेला असता.

पहिला बिघाड प्रश्नांत होता. ‘त्याने लाल टोपी घातली होती ना?’ हे बारांपैकी एकानेही मान्य केले नाही, कारण चोराचे डोके सगळ्यांनी नीट पाहिले होते. उलट दारापाशी टेकवलेल्या छत्रीचा रंग अकरा जणांनी बिनदिक्कत सांगितला. घटनेच्या केंद्रातला तपशील फारच पक्का असतो आणि कडेचा फारच सैल. दोन्ही टोकांचे प्रश्न गटांतला फरक दाखवू शकत नाहीत. पाच प्रश्न बदलले.

दुसरा बिघाड मुलाखतकारात, म्हणजे विद्यार्थिनीतच होता. दोन्ही टप्पे तीच घेत होती, त्यामुळे कोण कोणत्या गटातला हे तिला माहीत होते. ध्वनिफिती ऐकल्यावर कळले की मुक्त निवेदन दिलेल्यांना ती उत्तरासाठी जास्त वेळ देत होती आणि त्यांच्या उत्तरांना ‘हं’ म्हणून दाद देत होती. तिच्या नकळत गट वेगळे वागवले जात होते. यावर उपाय म्हणून प्रश्न विचारायला दुसरी व्यक्ती नेमली, तिला गट सांगितला नाही, प्रश्न कागदावरून वाचायचे, उत्तरासाठी पाच सेकंद थांबायचे, आणि ‘हं’, ‘बरं’, ‘छान’ या तिन्ही शब्दांना बंदी.

तिसरा बिघाड पायलटनंतर, मुख्य अभ्यासातले प्रत्येक उत्तर ‘स्वीकार’ की ‘अस्वीकार’ हे ठरवताना लक्षात आला. सुमारे २० टक्के, म्हणजे २५ मुलाखतींच्या लिखित उताऱ्यांतली सूचक प्रश्नांची २५० उत्तरे दोघांनी स्वतंत्रपणे तपासली तेव्हा कापा (दोघांचे किती जुळते हे सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण एकमत) ०.५८ आला. मतभेद जवळजवळ सगळे एकाच जागी होते: ‘बहुतेक डाव्या’, ‘असेल डाव्या, नक्की नाही’. एक जण हे स्वीकार धरत होता, दुसरा नाही. नियम असा केला की तपशिलाचे नाव घेतले तर स्वीकार, आणि खात्री १ ते ५ अशी वेगळ्या रकान्यात. ‘माहीत नाही’ हे नेहमीच अस्वीकार. मग आधीचे २५ उतारे बाजूला ठेवून नवे २५ घेतले. त्यांवर कापा ०.८१ आला. जुन्याच उताऱ्यांवर पुन्हा कापा काढणे सोपे होते, पण चर्चेनंतर त्यावर एकमत होणारच, त्यामुळे त्या आकड्याला अर्थ राहिला नसता.

निष्पत्ती

१३१ जणांनी भाग घेतला. चित्रफितीतला माणूस ओळखणारे चार, बिघडलेल्या ध्वनिफितींचे दोन आणि मैत्रिणीकडून हेतू आधीच कळलेली एक, असे सात जण आधी लिहिलेल्या नियमांनुसार वगळले. उरले १२४: मुक्त निवेदनाचा गट ६१, दुसरा ६३.

दहांपैकी सरासरी ३.४ खोटे तपशील पहिल्या गटाने स्वीकारले, दुसऱ्याने ३.९. दोन्हींचे प्रमाण विचलन १.९ च्या आसपास. टी-चाचणीचा (दोन सरासरींच्या तुलनेचा) टी १.४७, पी (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.१५, डी ०.२६. फरकाचे ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा फरक ज्या पल्ल्यात असावा तो पल्ला, उणे ०.२ ते १.२.

इथे विद्यार्थिनी खचली. ‘काहीच निघाले नाही’ असे वाटून तिने आकडे इकडून तिकडून कापायला सुरुवात केली: फक्त स्त्रिया, फक्त पुरुष, फक्त कडेचे तपशील, फक्त जास्त खात्रीची उत्तरे. सातव्या कापात पी ०.०४ आला. मॅडमनी तारीख घातलेले दीड पान काढून तिच्यापुढे ठेवले. परिणाम मुळात नसला तरी सात स्वतंत्र चाचण्यांत एखादी तरी ०.०५ खाली जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के असते. तो निकाल प्रबंधात आला, पण ‘नंतर सुचलेली विश्लेषणे’ या वेगळ्या मथळ्याखाली, सातही चाचण्यांच्या आकड्यांसह.

मुख्य निष्कर्षाच्या वाक्याचे चार मसुदे झाले. पहिला होता ‘मुक्त निवेदनाचा परिणाम होत नाही’. शेवटचा: ‘या नमुन्यात मध्यम किंवा मोठ्या परिणामाचा आधार मिळाला नाही, लहान संरक्षक परिणाम किंवा शून्य परिणाम, दोन्ही या आकड्यांशी सुसंगत आहेत.’ न्यायालयात तज्ज्ञाने द्यायच्या अहवालातही वाक्य असेच तोलून लिहावे लागते, म्हणून या चार मसुद्यांवर गेलेला आठवडा आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी दोन प्रश्नांवर बराच वेळ घेतला: फोनच्या चोरीवरून हल्ल्याच्या साक्षीदाराबद्दल काय सांगता येईल, आणि पोलीस अधिकाऱ्यासमोरचा दबाव प्रयोगशाळेत कसा आणणार? तिने पहिल्याला ‘फार थोडे’ आणि दुसऱ्याला ‘या आराखड्यात आणता येत नाही’ असे उत्तर दिले, आणि कारणे दिली. प्रबंध वेळेत आणि किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य झाला.

काय वेगळे करता आले असते

पहिले सहा आठवडे वाचवता आले असते. विषय ठरवण्यापूर्वी परवानगी कोण देणार, साधन वापरायची पात्रता कोणाकडे आहे आणि परिणाम दिसायला किती काळ लागतो, हे तीन प्रश्न अर्ध्या पानात लिहून आणायला सांगितले असते, तर सायकोपथीचा प्रस्ताव समितीपर्यंत गेलाच नसता. यात विभागाची जबाबदारी विद्यार्थिनीपेक्षा मोठी आहे. प्राथमिक छाननी करणाऱ्यांनी भाषा पाहिली, आराखडा पाहिला नाही.

डी ०.५ हा अंदाज आशावादी होता. आधीचे अभ्यास परस्परविरोधी असताना मध्यम परिणाम धरायला आधार नव्हता. पण डी ०.३ धरला असता तर प्रत्येक गटात १७५ च्या आसपास सहभागी लागले असते, आणि एकट्या विद्यार्थिनीला ते झेपले नसते. दोन-तीन विद्यार्थ्यांनी एकच आराखडा, एकच चित्रफीत आणि एकच कोडिंग-पुस्तिका (उत्तरे कशी मोजायची याचे नियम) वापरून माहिती एकत्र केली असती तर ते शक्य होते. एकत्र गोळा केलेल्या माहितीवर प्रत्येकाने स्वतंत्र दुय्यम प्रश्न घेऊन प्रबंध लिहिण्याची मुभा नियमांत होती; ती कोणी वापरली नाही.

दहा प्रश्नांची बेरीज करून टी-चाचणी लावण्यात माहिती वाया गेली. छत्रीचा प्रश्न आणि घड्याळाचा प्रश्न सारख्या अवघडपणाचे नसतात. प्रत्येक उत्तर ही एक नोंद धरून, सहभागी आणि प्रश्न दोन्हींचा यादृच्छिक परिणाम घेणारे, म्हणजे माणसामाणसांतला आणि प्रश्नाप्रश्नांतला फरकही हिशेबात धरणारे, मिश्र लॉजिस्टिक प्रतिरूप वापरले असते, तर निष्कर्ष याच दहा प्रश्नांपुरता आहे की अशा प्रश्नांना एकूण लागू होतो, हे नीट सांगता आले असते. त्यासाठी लागणारे संख्याशास्त्र पहिल्या वर्षात शिकवले जात नव्हते.

गटाबद्दल अनभिज्ञ असलेल्या मुलाखतकाराला गट ओळखता आला का, हे शेवटी विचारायला हवे होते. आधी दहा मिनिटे बोललेला माणूस कधीकधी ‘मघाशी सांगितलं तसं’ म्हणून जातो आणि गट उघड होतो. असे किती वेळा झाले हे ध्वनिफितींतून मोजता आले असते, पण मोजले गेले नाही.

आणि संमतीपत्रात एक ओळ कमी पडली. नावे काढलेले उतारे पुढच्या संशोधनाला वापरता येतील का, हे सहभागींना विचारलेच नव्हते, त्यामुळे निकाल लागल्यावर १२४ मुलाखतींचे उतारे ठरल्याप्रमाणे नष्ट करावे लागले. पुढच्या वर्षी त्याच विषयावर काम करू पाहणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागली. त्यानंतरच्या संमतीपत्रांत ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटींसह ती ओळ छापली जाते.